नेपच्यूनवरचे सात किलो पन्नास

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि तेवढ्यात घरातला भाजीचा काटा मी चार वेळा उघडून पुन्हा बसवला. बिघाड काही नव्हता. मला एका जागी बसवत नाही, एवढंच कारण. बायको म्हणते, एवढे पाय शिवशिवतात तर परत गाडीवर जा. या अंकाच्या संपादकांनी तेच जरा गोड शब्दांत कळवलं, की गाडीवरचे दिवस लिहून द्या. लिहायला बसलो, उठलो, पाणी प्यायलो, अंगणात जाऊन आलो, पुन्हा बसलो. नोकरी कधी लागली आणि बढती कधी मिळाली हे मी लिहिणार नाही. ते माझ्या सेवापुस्तकात आहे आणि तिथेही ते कुणी वाचत नाही. एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. ती सांगायची तर आधी माझं काम काय होतं ते सांगावं लागेल.

मूळचा मी काटेवाला. राजुऱ्याकडे कोळशाचे ट्रक ज्या जमिनीत बसवलेल्या मोठ्या काट्यावर चढतात, तसले काटे दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पुढे एका संस्थेनं फिरती विज्ञानगाडी काढली आणि मी तिच्यावर गेलो. जुनी बस, आतल्या सीटा काढलेल्या, त्यात दुर्बीण, प्लास्टिकचा सांगाडा, चुंबकं, भिंगं आणि असलंच काय काय. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या शाळांत जायचं, सामान मांडायचं, मुलांना दाखवायचं, गुंडाळायचं, की पुढचं गाव. गाडी देवराव चालवायचा, बाकी सगळं मी. लोक विचारायचे, कंटाळा नाही येत का. मला कंटाळा यायचा तो फक्त मुक्कामाचा.

गाडीतली सगळ्यात लाडकी वस्तू मी माझ्या हातानं बनवली होती. तिचं नाव ग्रहकाटा. एक लोखंडी पाट, त्यावर उभं राहायचं. समोर लाल आकडे. आकड्यांच्या वर एक रंगीत पाटी, तिच्यावर सगळे ग्रह आणि चंद्र, प्रत्येकाखाली एक बारका दिवा. मागच्या बाजूला, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, एक फिरकी. फिरकी पृथ्वीवर असली की काटा आपला नेहमीचा. ती चंद्रावर नेली की चंद्राचा दिवा लागायचा आणि आकडा धाडकन सहाव्या हिश्श्यावर यायचा. तीस किलोचं पोरगं चंद्रावर पाच किलोचं, मंगळावर साडेअकराच्या आतबाहेर, गुरूवर पंचाहत्तरचं. पोरं वेडी व्हायची.

रांगेतल्या पोरांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचो. तुमच्या अंगात जो माल भरला आहे, हाडं, मांस, रक्त, सकाळचा भात, ते तुमचं वस्तुमान. ते चंद्रावर न्या नाहीतर गुरूवर न्या, रतीभर कमीजास्त होत नाही. वजन म्हणजे पायाखालचा ग्रह त्या मालाला किती जोरानं खाली ओढतो ते. ग्रह बदलला की ओढ बदलते. गंमत अशी, की ग्रह नुसता मोठा असून भागत नाही. गुरूमध्ये तीनशेहून जास्त पृथ्व्यांचा माल आहे, तरी वजन अडीच पटच होतं. तो इतका फुगलेला आहे की त्याच्या वरच्या थरावर तुम्ही मध्यापासून फार लांब पडता, आणि लांब गेलं की ओढ झपाट्यानं उतरते. बुध मंगळाहून लहान, पण त्याच्या पोटात लोखंड ठासलेलं, म्हणून दोन्हीकडे वजन जवळपास सारखं. सगळ्यात शेवटी नेपच्यून. तिथे शंभराचे एकशे चौदा होतात, बस. एवढ्याशा फरकाला मुलं नाक मुरडायची आणि मीही नेपच्यून घाईत उरकायचो.

या काट्यावर कोण कोण चढून गेलं. एक स्थूल मुख्याध्यापक चंद्रावरून उतरायलाच तयार नव्हते. त्यांनी तो आकडा फळ्यावर लिहून ठेवायला लावला. जिवतीकडच्या एका आश्रमशाळेत एका मुलीनं विचारलं, की गुरूवर उभं राहायला जमीनच नाही म्हणता तर तुम्ही काटा ठेवला कशावर. पुढे प्रत्येक शाळेत मी तो प्रश्न स्वतःचाच असल्यासारखा विचारायला लागलो, ही चोरी आज कबूल करतो. सिरोंच्याला एक बाई डोक्यावरची मोळी खाली ठेवून आली. तिची तेलुगू मला तिथल्या शिक्षकानं समजावली. चंद्रावर मोळी हलकी होते हे तिला पटलं, पण तिथे जंगलापासून घर किती लांब असतं, असं ती विचारत होती. मी म्हटलं, अंतर तेवढंच राहील. मग काय उपयोग, म्हणाली, आणि मोळी उचलून गेली.

आणखी एक गोष्ट सांगायची राहू नये. आपली दोन पारड्यांची तागडी आणि माझा काटा यांत मोठा फरक आहे. काट्याला फक्त ओढ कळते. तागडीत एका बाजूला वस्तू आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी वजन. ग्रह दोघांनाही सारखाच ओढतो, त्यामुळे दांडी चंद्रावर जिथे थांबेल तिथेच गुरूवर थांबेल. तागडी माल मोजते. माझ्या भाषणात हे अगदी शेवटी यायचं आणि तोवर पोरं कपडे झटकत उठलेली असायची. आज वाटतं, ते मी सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.

गुंडाळायची माझी एक पद्धत होती. पाटीवरचा रंग खरवडला जायचा आणि दिवे फुटायचे, म्हणून सगळ्यात आधी पाटी काढायची, वाकळेत गुंडाळायची आणि गाडीत उभी करायची. मग तारा, मग बाकी पसारा आणि शेवटी काटा. पाटी उतरली की समोर नुसता पाट आणि आकडे उरायचे. तो ग्रहांचा काटा आहे हे कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं. माझी ही पद्धत चांगली होती. वर्षानुवर्षं तिनं एक दिवा फुटू दिला नाही.

त्या गावाचं नाव लिहीत नाही. गडचिरोलीच्या आतल्या भागातलं, मोठ्या तलावाच्या काठचं गाव. अर्धी वस्ती धानवाल्या शेतकऱ्यांची, अर्धी तलावात मासे धरणाऱ्यांची. धान कापून झालं होतं. दुपारी कार्यक्रम संपला तेव्हा काट्यावर शेवटी शाळेतले एक गुरुजी चढले आणि त्यांना सगळेच ग्रह पाहिजे होते. एकेक करत नेपच्यूनवर आलो. ते हसत उतरले, मी पाटी काढली आणि तारांकडे वळलो. दुसऱ्या दिवशीची शाळा साठ किलोमीटरवर होती आणि माझं मन केव्हाच तिकडे पोचलं होतं.

तेवढ्यात कल्पनाबाई आल्या. गावच्या अंगणवाडी सेविका. त्यांच्यामागे कडेवर मूल घेतलेली मनीषा आणि मनीषाची सासू गिरजाबाई. गिरजाबाई म्हणजे बाजारात मासळी विकणारी, खणखणीत बाई. महिन्याचं वजन करायचा दिवस होता, सगळी लेकरं मोजून झाली होती आणि एकच उरलं असताना अंगणवाडीच्या टांगत्या काट्याचा हूक निखळला होता.

"भाऊ, एकच पोरगी राह्यली. तुमच्या काट्यावर होते का?" कल्पनाबाईंनी विचारलं.

होते का म्हणजे काय. कोळशाचे ट्रक मोजलेल्या माणसाला कुणी असं विचारावं. मी शाळेच्या स्वयंपाकातून एक परात मागवली, पाटावर ठेवली, तिचं वजन शून्य करून घेतलं आणि पोरीला तीत बसवलं. नाव स्वरा, वय तेरा महिने. आकडा थरथरला आणि थांबला. सात किलो पन्नास ग्रॅम.

कल्पनाबाईंनी वही उघडली. मागच्या महिन्यात सहा किलो चारशे होते. अंगणवाडीच्या तक्त्यावर तीन रंग असतात. हिरव्यात असलेलं लेकरू ठीक, पिवळ्यातलं सांभाळायचं, लालमधलं लगेच दवाखान्यात न्यायचं. स्वरा लालच्या काठाला टेकली होती. दुसऱ्याच दिवशी तिला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. तिथे अशा लेकरांना आईसकट ठेवून घेतात, तासातासाला खाऊ घालतात. आता सात किलो पन्नास म्हणजे ती पिवळ्यात आली. कल्पनाबाईंना शंका आली. एका महिन्यात एवढं वाढलं का, म्हणाल्या. मनीषा म्हणाली, अंडी देऊन राह्यली ना मी. मग तिघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"हा काटा ग्रॅमचंही खोटं बोलत नाई," मी म्हटलं. अगदी याच शब्दांत म्हटलं.

दवाखाना पुढच्या महिन्यावर गेला. मनीषाला हायसं वाटलं. घरी आणखी एक मूल होतं आणि मळणीची मजुरी होती. गिरजाबाईंनी नातीच्या गालावरून बोटं उतरवली. गिरजाबाईंचा नवस होता. पोरगी सात किलो भरली की तलावकाठच्या देवीसमोर तिची गुळाची तुला करीन आणि गूळ गावात वाटीन. उद्याच करते, म्हणाली, मला थांबण्याचा आग्रहही केला. मी म्हटलं, मला जायचं आहे. फिरकीकडे मी पाहिलं नाही. काटा उचलला, बांधला, गाडीत टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या शाळेत काटा मांडला. रोज कार्यक्रमाआधी मी त्यावर पाच किलोचं लोखंडी वजन ठेवून बघायचो. त्या दिवशी ठेवलं तर पाच किलो सातशे. पहिल्यांदा मला वाटलं, प्रवासात पाट हलला. मग मागे जाऊन पाहिलं. फिरकी नेपच्यूनवर होती.

सगळं एकदम कळलं असं झालं नाही. गुरुजींच्या नंतर काट्यावर कोण चढलं, हे मी शांतपणे आठवत होतो आणि मग परात आठवली. तळहातावर पेनानं भागाकार केला. सात किलो पन्नासला एक पूर्णांक चौदानं भागायचं. उत्तर सहा किलो एकशे ऐंशी आलं. म्हणजे पोरगी वाढली नव्हतीच. महिन्याभरात दोनशे ग्रॅमनं उतरली होती. ती लालमध्ये चांगली आत गेली होती आणि मी तिला पिवळ्यात बसवून आलो होतो.

कल्पनाबाईंचा नंबर लावला. लागेना. त्यांच्या गावात रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मिळायची. दर दोन मिनिटांनी लावत होतो. मुख्याध्यापकांना म्हटलं, आम्हाला आत्ता परत जावं लागतं. ते म्हणाले, पाच गावांची पोरं पायी आली आहेत, मैदान भरलंय, त्यांना काय सांगू. देवरावनं मला बाजूला घेतलं. दोन घंट्यांत करून टाका, मी गाडी वळवून उभी करतो, म्हणाला. मी केलं. आयुष्यातला सगळ्यात वाईट कार्यक्रम. चंद्राला मंगळ म्हणालो, शनीची कडी गुरूला लावली. एक किडकिडीत पोरगी नेपच्यूनवर चढली, आकडा वाढला तशा मैत्रिणींनी टाळ्या पिटल्या, ती लाजून हसली. मी फिरकी पृथ्वीवर आणली आणि म्हटलं, पुरे झालं. सांगाडा मांडलाच नाही.

दुपारी निघालो. मला सीटवर बसवेना. रिकाम्या बसमध्ये मी पुढून मागे आणि मागून पुढे करत होतो. पुढे बांबूचा ट्रक रस्त्यात कलंडला होता, तिथे पाऊण तास गेला. खाली उतरून मी ट्रकभोवती चकरा मारल्या, मजुरांना नको ते सल्ले दिले. परत गाडीत चढल्यावर पुन्हा चालणं सुरू. देवराव आरशातून बघत होता.

"भाऊ, तुमी गाडीच्या आंत चालून राह्यले, त्यानं गाव जवळ येत नाई," तो म्हणाला.

मी त्याच्यावर ओरडलो. त्यानं गाडी थोडी जोरात नेली. मला भीती एकाच गोष्टीची नव्हती. पोरीचं काही होईल ही भीती होतीच. पण गिरजाबाईंच्या तोंडासमोर उभं राहून, तुमची नात वाढलेली नाही असं सांगायचं, याचीही होती. काटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला चूक सापडली की आनंद होतो. ही सापडलेली चूक मला कुणाच्या तरी घरातला आनंद उचलून आणायला लावणार होती.

गावात शिरलो तर घरं बंद. सगळे तलावाकाठी. मोहाच्या झाडाखाली देवीचा पार आहे, तिथे माणसं गोळा झाली होती. मी गर्दीत घुसलो आणि थबकलो. मासळी तोलायची मोठी तागडी मोहाच्या फांदीला टांगली होती. एका पारड्यात नवं लुगडं अंथरून स्वराला बसवलं होतं आणि दुसऱ्यात एकेक किलोच्या सात भेल्या गूळ होता. गुळाचं पारडं जमिनीला टेकलं होतं. पोरगी वर लटकत होती.

मग मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, की देवीनं नवस घेतला नाही. त्यावर दोनचार माना हलल्या. मनीषानं पोरीचं पारडं दोन्ही हातांनी धरलं होतं आणि ते खाली आणायला बघत होती. गिरजाबाई मात्र तागडी तपासत होती. पोरीला उतरवलं, गूळ उतरवला, रिकामी दांडी पाहिली, ती सरळ. पारडी अदलाबदल केली, तरी तेच. चाळीस वर्षं मासळी तोलणारी बाई. तिनं पुन्हा दोन्ही बाजू भरल्या आणि पोरगी पुन्हा वर गेली.

"तागडी बराबर हाय, बाई," मी पुढे होऊन म्हटलं. "देवीचंही काई नाई. काल मी चुकलो."

गर्दी माझ्याकडे वळली. मी सांगायला लागलो, आणि इतक्या वर्षांत हजारो पोरांना समजावलेलं मला एका वाक्यात धड सांगता येईना. फिरकी, पाटी, नेपच्यून, सगळं एकात एक गुंतलं. गिरजाबाईनं हात वर करून मला थांबवलं.

"तुमी त म्हनले होते का काटा ग्रॅमचंही खोटं बोलत नाई."

"तो त्या ग्रहावरचं वजन सांगत होता. तिथी सगळंच जरा जड होते. मी त्याले पृथ्वीवर आनाले इसरलो."

"तिथी लेकरूही वाढते का?"

"नाई. लेकरू तेवढंच राहते. वजनच वाढते."

गिरजाबाईनं वाकून एक भेली उचलली आणि बाजूला ठेवली. दांडी हलली, पोरीचं पारडं सावकाश खाली आलं आणि थोडं जास्तच आलं. तिनं ती भेली दगडावर आपटून फोडली, एक तुकडा गुळात टाकला, दुसरा छोटा टाकला, त्याचा कोपरा मोडून काढला. दांडी थांबली. मग ते तुकडे तिनं कमरेला खोचलेल्या छोट्या तागडीत घातले. समोर दोनशेचं वजन टाकलं तर तुकडे वर, दीडशेचं टाकलं तर खाली. सहा भेल्या आणि दीडशे ते दोनशेच्या मधे. माझ्या तळहातावर शाई अजून होती. तिथेही तेच होतं.

कल्पनाबाई वही घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सात किलो पन्नास खोडलं. मी म्हटलं, माझी चूक म्हणून सही करतो. त्या म्हणाल्या, सहीचं राहू द्या. काल शंका आली होती मले, म्हणाल्या, मी जोर नाई धरला. मनीषा खाली बसली होती. तिनं कुणाकडेच बघितलं नाही. कालपासून ती ज्या साडेसहाशे ग्रॅमच्या आनंदात होती, ते मी दिले होते आणि मीच काढून घेत होतो. मी गिरजाबाईंची माफी मागायला लागलो.

"माफी-बिफी मंग," ती म्हणाली. "गाडी खाली हाय का?"

गाडी रिकामीच होती. पाच मिनिटांत आम्ही निघालो. गूळ वाटला नाही. गिरजाबाईनं तो लुगड्यात बांधला आणि घरी धाडला. बसमध्ये सीटा नव्हत्या म्हणून ती वाकळेवर बसली, शेजारी मनीषा मांडीत पोरगी घेऊन, समोर गुंडाळलेली पाटी आणि हुकाला अडकवलेला सांगाडा. देवराव असा चालवत होता की जणू पाणी भरलेली घागर मागे ठेवली असावी. मी दाराला धरून उभा. बरंच अंतर गेल्यावर मनीषा पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"भाऊ, काल मले लय बरं वाटलं होतं," ती म्हणाली. "आता त्या काट्याचं काई सांगू नका. मले वजन नाई पाह्यजे. मले पोरगी पाह्यजे."

मी मान हलवली. इतकी वर्षं मी जे सांगत फिरत होतो ते तिला माझ्यापेक्षा चांगलं कळलं होतं आणि मला त्याचा आनंद झाला नाही. मला लाज वाटली.

दवाखान्यातल्या काट्यावर सहा किलो एकशे साठ भरले. मी नर्सला म्हटलं, पुन्हा एकदा करा. तिनं केलं, तेवढेच. काट्याचं शून्य बघा म्हटलं, तेव्हा तिनं मला बाहेर काढलं. आयुष्यभर माझा हिशेब बरोबर निघाला की मी मिशीत हसायचो. त्या दिवशी तो चुकावा म्हणून मी धडपडत होतो. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि पोरीच्या छातीत कफ धरलाय, आत ताप आहे, असं सांगितलं. अजून काही दिवस घरी राहिली असती तर अवघड होतं, म्हणाल्या, बरं झालं लगेच आणलंत. लगेच नव्हतं आणलं. सकाळी आणायची ती संध्याकाळी आणली होती, आणि तीही गिरजाबाईंच्या तागडीनं खरं सांगितलं म्हणून. मी ते त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आत गेल्या, त्यांना काम होतं.

पुढचे दिवस मी गाडीवरच होतो, पण काट्याशी मी आधीसारखा राहिलो नाही. पाटी आधी काढायची पद्धत बंद केली. फिरकीला एक स्प्रिंग बसवली. हात सोडला की ती आपोआप पृथ्वीवर परत यायची. काम अर्ध्या तासाचं होतं. इतकी वर्षं ते मी केलं नव्हतं. भाषणात तागडी पहिल्यांदा आली, खरीखुरी, दोन पारड्यांची. आणि दर आठवड्याला कल्पनाबाईंचा फोन येईल म्हणून मी रेंज शोधत गावाबाहेरच्या टेकड्या चढायचो. देवराव म्हणायचा, भाऊ, तुमी बसा, फोन मी पाहतो. मला बसणं जमत नव्हतं. पहिला फोन आला तो तापाचा. दुसऱ्या वेळी वजन जागचं हललं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात थोडं वाढलं, पण कल्पनाबाई म्हणाल्या, अजून काही सांगता येत नाही.

चौथा फोन आला तेव्हा मी एका शाळेच्या मैदानात पोरांची रांग लावत होतो. तो कल्पनाबाईंचा नव्हता, मनीषाचा होता. ती दवाखान्यातून गावी परत आली होती आणि तलावाच्या पाळीवरून बोलत होती.

"भाऊ, पृथ्वीवर सहा किलो नवशे," ती म्हणाली.

मी विचारलं, नक्की का. ती म्हणाली, दोन काट्यांवर केलं, आन मंग आत्याबाईच्या, म्हणजे सासूच्या, तागडीतही. गूळ डब्यात आहे, आत्याबाई म्हणते अजून शंभर राहिले. मी काही बोलणार तेवढ्यात मागे कुणीतरी मोठ्यानं रडायला लागलं, असं की मनीषाचं बोलणं ऐकू येईना. कोण रडतंय, मी विचारलं.

"थेच व्हय. तागडीतून काढलं नाई म्हनून."

स्वराचा आवाज मी तोवर एकदाही ऐकला नव्हता. परातीत बसवली तेव्हा नाही, झाडाला टांगली तेव्हा नाही, साऱ्या रस्त्यातही नाही. आजारी लेकरू रडत नाही, त्याच्याकडे रडण्याएवढं बळ नसतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि कुठल्याच काट्यावर ते दिसत नाही. मनीषा म्हणाली, फोन ठेवू का, लय कल्ला करून राह्यली. मी म्हटलं, नको, ठेवू नका. रांगेतली पोरं माझ्याकडे बघत होती. रेंज जाईपर्यंत मी तिचं रडणं ऐकत उभा राहिलो.